धुराचें निदान

जुनी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाच्या मनांत सकाळच्या वेळीं एक धाकधूक असते. किल्ली फिरवावी, स्टार्टरनें दोन-चार वेळां कण्हावें, इंजिन कसेंबसें जागें व्हावें, आणि मागें वळून पाहावें तों धुराचा एक लोट शेजाऱ्यांच्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या दिशेनें निघालेला असावा! त्यांतच गाडी उभ्याउभ्या थरथरूं लागली आणि पाय उचलतांच इंजिन बंद पडलें, म्हणजे त्या दिवसापुरता तरी मालकाचा अभिमान धुळीस मिळतो.

आमच्या घरीं वडिलांनीं घेतलेली एक प्रीमियर पद्मिनी पुष्कळ वर्षें होती. तिला हें दुखणें जडलें तेव्हां घरांत दोन पक्ष पडले. "आतां ही विकून टाका," असें आईचें मत. "आधीं मिस्त्र्यांना दाखवूं," असें वडिलांचें. गल्लीच्या तोंडाशीं ज्यांचें लहानसें गॅरेज होतें ते वृद्ध मिस्त्री आले. त्यांनीं बॉनेट उघडलें नाहीं. "साहेब, गाडी चालू करा," असें सांगून ते मागच्या बाजूस उकिडवे बसले. पहिला लोट निघाला तो त्यांनीं तळहातावर घेतला, हुंगला, दोन बोटांनीं चोळून पाहिला. मग वडिलांना दोनदां ॲक्सिलरेटर दाबून सोडावयास सांगितलें. शेवटीं उठून म्हणाले, "साहेब, गाडी तेल खाते, पण रिंगा ठीक आहेत, झडपांचीं गाइडें गेलीं आहेत. आणि ही जी थरथर आहे ती त्यामुळें नाहीं. रोग दोन आहेत. एक समजूं नका."

बॉनेट न उघडतां केलेलें तें निदान पुढें खरें ठरलें. मला त्या वेळीं त्यांत जादूचा भास झाला. परंतु जादू त्यांत कांहीं नव्हती. आपल्या वैद्यशास्त्रांत रोग्याची अष्टविध परीक्षा सांगितली आहे. नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृष्टि आणि आकृति ह्यांवरून वैद्य शरीराच्या आंतील स्थिति ओळखतो. मोटारीच्या मिस्त्र्यानेंहि जवळजवळ तशीच परीक्षा बनविली. ती कशी बनली, तिनें काय साधलें, आणि ती कोठें अपुरी पडली, ही हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

मोटारीच्या इतिहासांत पहिला मिस्त्री कोण, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचें उत्तर एका स्त्रीचें नांव घेऊन द्यावें लागेल. जर्मनींतील कार्ल बेंझ ह्यांनीं जानेवारी १८८६ मध्यें आपल्या तीन चाकी मोटारीचें पेटंट मागितलें; पण लोक ती विकत घेईनात. तेव्हां ऑगस्ट १८८८ मध्यें त्यांच्या पत्नी बेर्था बेंझ ह्यांनीं पतीला न सांगतां, आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्झहाइम ह्या आपल्या माहेरच्या गांवापर्यंत सुमारें शंभर किलोमीटरांचा प्रवास त्या मोटारींतून केला. वाटेंत इंधनाची नळी तुंबली. बाईंनीं टोपीची टांचणी काढून ती मोकळी केली. ठिणगीच्या तारेचें वेष्टण झिजलें. त्यांनीं मोज्याचा पट्टा तिला गुंडाळला. ब्रेकचीं लाकडें झिजलीं. एका चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. इंधन संपलें तें वीसलोख गांवच्या औषधाच्या दुकानांतून घेतलें. ह्या प्रवासाचें वर्णन बहुधा धाडसाची कथा म्हणून करण्यांत येतें, आणि तें योग्यच आहे. परंतु मला त्यांत दुसरेंहि कांहीं दिसतें. गाडी थांबली असतां आधीं रोग कोणता हें ठरवावें, इंधनाचा कीं ठिणगीचा, आणि मग हातीं असेल त्या वस्तूनें उपाय करावा, ही रीति त्या प्रवासांत पहिल्यानें रस्त्यावर आली.

आतां धुराकडे वळूं. मिस्त्री लोकांच्या शास्त्रांत धुराचे तीन वर्ण आहेत: काळा, निळा आणि पांढरा. ह्या प्रत्येक वर्णामागें इंजिनाच्या एकेका अंगाचा इतिहास आहे.

काळा धूर हा इंधनाच्या अतिरेकाचा. पेट्रोल पूर्णपणें जळावयाचें तर त्याच्या एका भागाला वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली तर पेट्रोलांतील कार्बन अर्धवट जळून काजळीच्या रूपानें बाहेर येतो. स्वयंपाकघरांतील स्टोव्हची वात भडकली असतां भांड्याचें बूड काळें होतें त्यांतलाच हा प्रकार. आरंभीच्या मोटारींत हवा नुसती पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेऊन तिच्यांत वाफ मिसळूं देत. त्यामुळें मिश्रणाचें प्रमाण हवामानाप्रमाणें आणि रस्त्यांतील हिसक्यांप्रमाणें बदलत असे. १८९३ च्या सुमारास विल्हेल्म मायबाख ह्या जर्मन यंत्रज्ञानें तरंगत्या गोळ्यानें पेट्रोलची पातळी कायम राखून बारीक छिद्रांतून त्याचे तुषार उडविणारा कार्बोरेटर सिद्ध केला. त्याच वर्षीं हंगेरींत दोनात बांकी आणि यानोश चोंका ह्या दोघांनींहि तशाच साधनाचें पेटंट घेतलें. पुढें शंभर वर्षें जगांतील बहुतेक पेट्रोलच्या गाड्या ह्याच तत्त्वावर श्वास घेत होत्या. म्हणून काळा धूर दिसला कीं मिस्त्री प्रथम चोक अडकला आहे काय, हवेची जाळी धुळीनें भरली आहे काय, तरंगता गोळा फुटून कार्बोरेटर वाहतो आहे काय, हें पाहतो. मग तो प्लग काढून त्याचें टोंक पाहतो. वैद्यानें जीभ पाहावी तसेंच हें. टोंकावर कोरडी, मखमलीसारखी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. तें तेलकट काळें असेल तर आंत तेल शिरतें आहे. आणि विटकरी किंवा फिकट तपकिरी असेल तर त्या सिलिंडराची प्रकृति उत्तम.

निळा धूर हा तेलाचा. पिस्टन आणि सिलिंडर ह्यांच्यामधील फट बंद ठेवण्यासाठीं पिस्टनच्या खांचेंत लोखंडाचीं चिरलेलीं कडीं बसविण्याची युक्ति मोटारीच्या पूर्वींची आहे. जॉन रॅम्सबॉटम ह्या इंग्रज रेल्वे-यंत्रज्ञानें ती १८५२ च्या सुमारास वाफेच्या इंजिनांसाठीं काढली. कडें चिरलेलें असल्यामुळें तें आपल्या स्प्रिंगसारख्या ताणानें भिंतीला टेकून राहतें, आणि झिजलें तरी कांहीं काळ आपलें काम करीत राहतें. हीच आपल्या मिस्त्र्याची 'रिंग'. ती झिजली, किंवा सिलिंडर घासून मोठा झाला, म्हणजे खालचें तेल वर चढून पेट्रोलबरोबर जळूं लागतें आणि निळसर, डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो.

मोटारीच्या पहिल्या पिढींत निळा धूर हा रोग समजलाच जात नसे. त्या गाड्यांत तेल थेंबथेंब गळत जाऊन शेवटीं जळून किंवा सांडून नाहींसें व्हावें अशीच योजना असे. तेंच तेल पुन्हां पुन्हां फिरवून वापरण्याची पद्धति रूढ झाल्यावर मात्र निळ्या धुराला रोगलक्षणाची योग्यता आली. पण तेल वर येण्याचे मार्ग दोन आहेत, आणि आमच्या मिस्त्र्यांचें कौशल्य होतें तें येथें. रिंगांतून तेल येत असेल तर चढावर, इंजिनावर भार असतां, धूर सारखा येत राहतो. झडपांच्या दांड्या ज्या नळ्यांतून खालींवर होतात तीं गाइडें झिजलीं असतील तर तेल रात्रभर झडपांवरून खालीं झिरपतें. म्हणून सकाळचा पहिला लोट मोठा असतो आणि मग तो विरत जातो. तसेंच ॲक्सिलरेटर एकदम सोडला असतां इंजिनाच्या आंत जो जोराचा शोष निर्माण होतो तोहि गाइडांवाटे तेल ओढून घेतो. वडिलांना पेडल दाबून सोडावयास सांगितलें तें ह्याचसाठीं. वडिलांना हा फरक कळल्यामुळें मोठा खर्च वांचला. रिंगांसाठीं सबंध इंजिन उतरवून सिलिंडरांचें बोअरिंग करावें लागलें असतें. गाइडांसाठीं वरचें हेड काढणें पुरेसें झालें.

पांढरा धूर हा बहुधा धूरच नव्हे. ती पाण्याची वाफ. पेट्रोल जळलें कीं त्यांतील हायड्रोजनापासून पाणी होतेंच, आणि हिंवाळ्याच्या सकाळीं तें आपल्या श्वासाच्या वाफेसारखें पांढरें दिसतें. गाडी तापल्यावर हा पांढरेपणा गेला तर घाबरण्याचें कारण नाहीं. न गेला तर मात्र रोग गंभीर समजावा. बेंझच्या पहिल्या गाडींत इंजिन थंड ठेवण्याचें पाणी उकळून उडून जाई, आणि बेर्थाबाईंना वाटेंत वरचेवर पाणी भरावें लागलें. १९०१ च्या मर्सिडीझ गाडीला मायबाखनें मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला, तेव्हांपासून तेंच पाणी फिरवून थंड करण्याची रीति पक्की झाली. परंतु पाणी आणि जाळ ह्यांच्यामध्यें आतां केवळ हेड-गॅस्केटची एक पातळ चकती उरली. ती जळली म्हणजे पाणी सिलिंडरांत शिरतें. रेडिएटरचें पाणी कारण नसतां कमी होऊं लागतें, त्यांत बुडबुडे दिसतात, आणि तेल भरण्याच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस लोण्यासारखा पांढुरका फेस जमतो. हा फेस पाहून गाडी पुढें हांकणारा माणूस इंजिनाचा शत्रु होय.

आतां थरथर. गाडी वेगांत नीट धांवते आणि सिग्नलपाशीं उभी राहिली कीं मात्र आंचके देते, हें पुष्कळांना कोडें वाटतें. त्याचें कारण असें कीं, मंद चालीवर, ज्याला गॅरेजमध्यें 'स्लो' म्हणतात त्या स्थितींत, इंजिन मिनिटाला सुमारें आठशें फेरे घेतें आणि प्रत्येक सिलिंडरांत सेकंदाला जेमतेम सहा-सात स्फोट होतात. चार गड्यांनीं खांद्यावर वाहिलेल्या पालखींतला एक गडी अडखळला तर पळतांना तें एक वेळ जाणवणार नाहीं; पण हळू चालतांना सारी पालखी हिंदकळते. त्यांतून मंद चालीवर आंत जाणारी हवाहि फार थोडी असते. कोठें एखाद्या सांध्यांतून चोरटी हवा शिरली तर मिश्रण लगेच बिघडतें.

ह्या थरथरीचें निदान करण्याची साधनें ठिणगीच्या इतिहासाबरोबर वाढलीं. बॉशच्या कारखान्यांत गॉटलोब होनोल्ड ह्यानें १९०२ सालीं उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग तयार केला. १९१० च्या सुमारास अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग ह्यानें कॅडिलॅक गाडीसाठीं बॅटरीवर चालणारी ठिणगीची योजना बसविली, आणि १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर दिला. प्रत्येक सिलिंडराला ठिणगी पोंचविणारी स्वतंत्र तार आली, तशी एक अगदीं सोपी परीक्षा हातीं आली. इंजिन चालू असतां एकेका प्लगची तार वेष्टणाच्या पकडीनें क्षणभर काढावी. तार काढतांच इंजिन मंदावलें तर तो सिलिंडर काम करीत होता. कांहींच फरक पडला नाहीं तर तोच आळशी. मग तेथें दाबमापक लावून दाब पाहावा. दाब कमी आला तर प्लगच्या भोंकांतून चमचाभर तेल घालून पुन्हां पाहावा. तेलानें फट भरून दाब वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर झडपेचा किंवा गॅस्केटचा. इतक्या थोड्या खर्चांत इतकें निश्चित उत्तर देणारी परीक्षा वैद्यशास्त्रांतहि विरळा.

आमच्या गाडीच्या बाबतींत चारहि सिलिंडर कामसू निघाले. तेव्हां मिस्त्र्यांनीं तेलाची कुपी घेऊन कार्बोरेटरच्या खालच्या सांध्यावर चार थेंब सोडले. ते थेंब आंत ओढले गेले, आणि इंजिन घटकाभर शांत झालें. तेथील गॅस्केट चिरलें होतें. चोरटी हवा तेथून शिरत होती. तेंच दुसरें दुखणें. "पाहिलेंत?" असें म्हणून ते हंसले.

श्रोतेहो, येथपर्यंतची कथा मानवी बुद्धीच्या यशाची आहे. डोळा, नाक, कान आणि हात ह्यांच्या साह्यानें माणसानें एका बंद लोखंडी पेटींतील अग्नीचें अंतरंग वाचलें. परंतु ह्या विद्येला एक मर्यादा होती, आणि ती जगाला फार महाग पडली. ती विद्या दिसणाऱ्या धुराची होती.

कायद्याचीहि दृष्टि तेवढीच होती. इंग्लंडमध्यें १८९६ सालीं जो कायदा होऊन मोटारींना रस्ता मोकळा झाला, त्यांत गाडींतून धूर किंवा दिसणारी वाफ, तात्पुरतें अथवा आकस्मिक कारण सोडून, बाहेर पडूं नये अशी अट होती. 'दिसणारी' हा शब्द लक्षांत ठेवण्यासारखा आहे. नेमक्या त्याच सुमारास जॉन स्कॉट हॉल्डेन हे शास्त्रज्ञ कार्बन मोनॉक्साइड ह्या वायूचा अभ्यास करीत होते, आणि तो स्वतः हुंगून आपल्या शरीरावर त्याचा परिणाम नोंदवीत होते. ह्या वायूला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. रक्तांतील हीमोग्लोबिनाशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट जडतो, आणि माणूस झोपेंत असल्यासारखा प्राणास मुकतो. कोळशाच्या खाणींतील हा शत्रु मोटारीच्या मागच्या नळींतूनहि निघतो; आणि मिश्रणांत पेट्रोल जास्त असलें, म्हणजे विशेषतः चोक ओढलेला असतां व बिघडलेल्या मंद चालीवर, तो फार मोठ्या प्रमाणांत निघतो. काळा धूर दिसण्याच्या कितीतरी आधीं तो तेथें हजर असतो.

न्यूयॉर्कच्या हडसन नदीखालून मोटारींसाठीं हॉलंड बोगदा खणण्याचें ठरलें तेव्हां हा प्रश्न प्रथम यंत्रज्ञांपुढें उघड उभा राहिला. मोटारी किती विषारी वायु सोडतात, आणि माणूस त्यांपैकीं किती सहन करूं शकतो, ह्याचीं मोजमापें घ्यावीं लागलीं. १९२७ सालीं बोगदा उघडला तेव्हां त्यांत ८४ प्रचंड पंखे होते, आणि सुमारें दीड मिनिटांत आंतील सारी हवा बदलली जाई. बोगद्यांतील माणसांसाठीं ही काळजी घेतली गेली. उघड्या रस्त्यावरील माणसांसाठीं घेण्याचें मात्र कोणाच्या मनांत आलें नाहीं. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं पेट्रोलची टंचाई झाल्यामुळें मागें कोळशाची शेगडी लावलेल्या बसगाड्या धांवत होत्या. त्या शेगडींतून इंजिनाला मिळणाऱ्या इंधनांत मुख्य ज्वलनशील वायु हाच कार्बन मोनॉक्साइड होता, हें त्या गाड्यांतून प्रवास केलेल्यांपैकीं किती जणांस ठाऊक असेल?

दुसरें अदृश्य विष तर माणसानें आपल्या हातानें इंधनांत घातलें. केटरिंगच्याच प्रयोगशाळेंत थॉमस मिजली हा रसायनज्ञ इंजिनांतील ठोक्यांवर, म्हणजे मिश्रण अवेळीं भडकल्यामुळें होणाऱ्या आवाजावर, उपाय शोधीत होता. ९ डिसेंबर १९२१ रोजीं त्याला टेट्राएथिल लेड ह्या शिशाच्या संयुगाचा गुण सांपडला. चिमूटभर द्रव्यानें ठोके थांबत. फेब्रुवारी १९२३ मध्यें ओहायोंतील डेटन शहरीं हें पेट्रोल विकावयास आलें. त्याला नांव दिलें 'एथिल'. शिशाचा उल्लेख त्या नांवांतून वगळला. ऑक्टोबर १९२४ मध्यें न्यू जर्सींतील एका शुद्धीकरण कारखान्यांत हें द्रव्य तयार करणारे पांच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. तेव्हां लोकांची भीति घालविण्यासाठीं मिजलीनें ३० ऑक्टोबर रोजीं वार्ताहरांसमोर तें द्रव्य आपल्या हातांवर ओतून घेतलें, आणि मिनिटभर त्याची वाफ हुंगून दाखविली. शिशाची बाधा होऊन तो स्वतः त्यापूर्वीं विश्रांतीस गेला होता, हें त्या सभेंत सांगण्याचें त्याला कारण वाटलें नाहीं.

इंजिनाची तक्रार थांबली. माणसाची सुरू झाली, पण ती ऐकूं येत नव्हती. दिसत नसलेला धूर दिसूं लागला तो लॉस एंजेलिस शहरांत. जुलै १९४३ मध्यें तेथें असें दाट, डोळे जाळणारें धुकें पसरलें कीं शत्रूनें विषारी वायु सोडला अशी लोकांस शंका आली. पुढें आरी हागेन-स्मित ह्या मूळच्या डच रसायनज्ञानें त्याचा शोध लावला. ते तोंपर्यंत अननसाच्या सुगंधाचें पृथक्करण करीत होते! १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनीं दाखवून दिलें कीं मोटारींतून निघणारीं न जळलेलीं हायड्रोकार्बनें आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें सूर्यप्रकाशांत एकत्र येऊन ओझोन तयार करतात. म्हणजे ज्या गाडीच्या नळींतून कांहींच दिसत नाहीं, तीहि शहरावर धूर पसरवीत असते. १९६५ मध्यें क्लेअर पॅटर्सन ह्या भूरसायनज्ञानें माणसाच्या शरीरांतील शिशाचें प्रमाण निसर्गसिद्ध नसून माणसानेंच तें वाढविलें आहे असें प्रतिपादिलें, आणि त्याबद्दल उद्योगपतींचा रोष पत्करला. १९७५ च्या नमुन्याच्या अमेरिकन गाड्यांना विषारी वायु शुद्ध करणारे उत्प्रेरक बसूं लागले. शिशानें ते उत्प्रेरक निकामी होत, म्हणून शिसें काढणें भाग पडलें. यंत्र बिघडतें म्हणून तें इंधनांतून जाऊं लागलें. मूल बिघडतें म्हणून जावें, ह्या विचाराला मान्यता मिळण्यास अधिक काळ लागला. रस्त्यावरील मोटारींसाठीं शिशाचें पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथें तें २०२१ सालीं थांबलें.

आपल्या देशाकडे पाहूं. सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यांत मोटारी जोडल्या जाऊं लागल्या. पुढें तेथेंच फियाट ११०० आणि तिचीच वंशज पद्मिनी तयार झाली. १०८९ घनसेंटिमीटरांचें चार सिलिंडरी इंजिन, साधा कार्बोरेटर, आणि रस्त्याच्या कडेला पान्यानें उघडतां येईल अशी सगळी रचना. म्हणूनच ती मुंबईची टॅक्सी झाली, आणि तिच्याच आधारानें गल्लोगल्लींचे मिस्त्री शिकले. १९९५ मध्यें चार महानगरांत शिसेंविरहित पेट्रोल मिळूं लागलें, आणि १ फेब्रुवारी २००० पासून सबंध देशांत शिशाचें पेट्रोल बंद झालें. जुन्या गाड्यांच्या मालकांना तेव्हां चिंता पडली. कारण शिशाचा एक पातळ थर झडपांच्या बैठकींवर बसून त्यांचें रक्षण करी, आणि तो गेल्यावर जुन्या मऊ बैठकी झिजण्याचा संभव होता. ती चिंता खोटी नव्हती. पण तिच्यासमोर तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत मुलांचे मेंदू होते.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं जुन्या चार चाकी पेट्रोल गाड्यांसाठीं, इंजिन मंद चालीवर असतां, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा शेंकडा तीन ठरविली. हीच आपली पी.यू.सी. परीक्षा. नळींत यंत्राची कांडी घालून जें नाकाला कळत नाहीं तें तेथें आंकड्यांत वाचलें जातें. परंतु ह्या परीक्षेला फसविण्याची युक्तिहि आपण लवकरच शिकलों. प्रमाणपत्राच्या दिवशीं कार्बोरेटरचा स्क्रू आंवळून मिश्रण पातळ करावयाचें, आणि दुसऱ्या दिवशीं गाडी ओढत नाहीं म्हणून तो पुन्हां सैल करावयाचा! १९९९ मध्यें धुरानें त्रासलेल्या मुंबईच्या रहिवाशांनीं उच्च न्यायालयांत दाद मागितली, आणि त्यानंतरच्या वर्षांत जुन्या टॅक्सींना नैसर्गिक वायूकडे वळावें लागलें. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्यें नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर ह्या टॅक्सींनीं मुंबईचा निरोप घेतला. अनेकांना त्या वेळीं गहिंवर आला. मलाहि आला, हें मी लपवीत नाहीं.

पण त्या गाडीची आठवण झाली कीं मला आमचे मिस्त्री आठवतात. काम संपलें कीं ते एका वाटींत पेट्रोल घेऊन त्यानें हात धूत. टाकींतून पेट्रोल काढावयाचें तर रबरी नळी तोंडांत धरून ओढून घेत, आणि तोंडांत आलें तर थुंकून टाकीत. चाळीस वर्षें त्यांनीं असें केलें, आणि त्यांतील बरींचशीं वर्षें तें पेट्रोल शिशाचें होतें. मिजलीनें मिनिटभर केलें त्याचें वर्तमानपत्रांत वृत्त आलें. मिस्त्र्यांनीं जन्मभर केलें त्याची नोंद कोठेंहि नाहीं. अखेरच्या वर्षांत त्यांच्या हातांना कंप सुटला होता. त्याचें कारण शिसें होतें असें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं. म्हातारपणाचीं कारणें पुष्कळ असतात. पण आमच्या गाडीच्या थरथरीचें कारण त्यांनीं एका सकाळींत शोधून काढलें. त्यांच्या हातांच्या थरथरीचें कारण शोधावयास आमच्यापैकीं कोणी गेलें नाहीं.

म्हणून ज्यांच्या दारांत अजून एखादी जुनी गाडी जपून ठेविलेली असेल त्यांना माझी विनंति एवढीच. धुराचा रंग अवश्य पाहा, प्लगचें टोंक पाहा, मंद चालीचा आवाज ऐका. ही विद्या मोलाची आहे, तिला मरूं देऊं नका. परंतु धूर दिसत नाहीं म्हणून गाडी निर्दोष आहे असें समजूं नका. ती बंद गॅरेजमध्यें चालू ठेवूं नका, वायूची परीक्षा प्रामाणिकपणें करून घ्या, आणि जो माणूस तिच्याखालीं पाठीवर निजून काम करतो त्याला हात धुण्यासाठीं साबण व पाणी आपल्या घरांतून आणून द्या.